गावाची माहिती, एका पानात

मुख्याधिकारी म्हणाले, दर्शनी भिंतीवर रंगवायचीय,
गावाची माहिती द्या लिहून, एका पानात.
वर इतिहास, खाली सद्यस्थिती.
मी जन्म-मृत्यूचा बाबू. माझ्या टेबलावर
गाव ओळीओळीनं येतं, ओळीओळीनं जातं.

वर लिहिलं : तलाव.
कोण्या गोंड राजाची सनद होती म्हणे,
जो तलाव बांधेल, खालची जमीन त्याची.
सनद कोणी पाहिली नाही.
पाळ आहे. पाळीवर मोहाची सात झाडं,
त्यातलं एक मागच्या वादळात बसलं.
दुधराम नान्हे डोंग्यातून शिंगाडे तोडतो. म्हणाला,
"राजा गेला जी, गाळ राह्यला.
लिवा, कमरेएवढा गाळ आहे."

एकोणीसशे अठराचं रजिस्टर कपाटात तळाशी.
वाळवीनं कडा खाल्ल्या, मधलं सोडलं.
कार्तिकातली पानं. कारण : ताप. कारण : ताप.
कारण : वरीलप्रमाणे.
अक्षर मोडीच्या वळणाचं, एकसारखं,
सदतिसाव्या ओळीपर्यंत.
अडतिसावी ओळ दुसऱ्याच हातची, कापरी,
आणि तिच्यात पहिल्या हाताचं नाव.
हे भिंतीवर कसं रंगवणार?
पान मिटलं. चहा सांगितला.

कोष्टीपुऱ्यात एकशे चाळीस माग होते.
आता चार, त्यातला पार्बताबाई सोरतेकडचा मुका.
मागाच्या खड्ड्यात पाय सोडून
तिचा नातू अभ्यास करतो, पोलीस भरतीचा.
पहाटे साडेचारला त्याच्यासारखी तीस पोरं
बायपासवर असतात.
जाताना धावत जातात,
येताना चालत येतात, एकमेकांशी न बोलता.

छोटी गाडी. हे लिहायलाच पाहिजे.
धानाच्या बांध्यांमधून यायची, दिवसातून दोनदा.
एक ड्रायव्हर मालता शेंडेच्या परसासमोर
शिटी जास्तीची वाजवायचा.
का, ते अख्ख्या गावाला माहीत.
कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही.
मोठी लाइन टाकायची म्हणून रूळ उचलले,
मग कंत्राटदारही उचलला गेला कुठंतरी.
फाटक उभं आहे. गेटमनच्या खोलीत
मिरची वाळते, आत गेलं की ठसका.

सद्यस्थिती :
बुधवारचा बाजार. दोन भातगिरण्या, एकीचाच भोंगा.
मंडईनंतर तीन रात्री नाटकं.
खलनायक आला की बाया त्याला मनापासून शिव्या देतात,
आणि सकाळी तोच माझ्यापुढं उभा, नळपट्टी घेऊन,
डोळ्यांत अजून काजळ.

बायपासवरच्या हिरव्या पाटीवर
आमचं नाव चुकलंय. रेंगनापूर. बाणाचा न.
सहा पत्रं पाठवली मी, जावक क्रमांकासहित :
'रेंगणापूर' असे वाचावे.

इतकं झालं तोवर पाच वाजले,
आणि आला खेमराज चाचेरे, कालच्याच शर्टात.
पोरगी झाली. ॲम्बुलन्समध्येच.
"कुठं?"
"रस्त्यातच ना जी."
"कुठं म्हणजे, जागा? कॉलम आहे."
संगणकावर पर्याय तीन : रुग्णालय, घर, इतर.
'इतर' दाबलं की खाली रिकामी चौकट उघडते.
तो डोळे मिटून आठवू लागला.
"फाटकापाशी गाडी हळू केली ड्रायव्हरनं.
रूळ नाहीत, तरी करतात ना सारे.
तवाच रडली."

मी आधी कागदी रजिस्टर ओढलं, सवयीनं.
"बोल. जन्मस्थळ."
"रेल्वे फाटक," तो म्हणाला, "रेंगनापूर."
तो बोलला तसं माझ्या हातून उतरलं,
बाणाचा न, निळ्या शाईत, नव्वद वर्षं टिकेल असा.
माझी माय असंच म्हणायची.
मीही म्हणतो, ऑफिसच्या बाहेर.

व्हाइटनर हाताशी होतं.
खेमराज म्हणाला, "सही कुठं करू?"
मी बोट ठेवलं, तिथं त्यानं केली.

साहेबांचं पान अर्धं कोरं आहे.
उद्या बघू.